सगळं दातांच्या नावावर

माझगावात बाळाने जेवण सोडलं की निदानाला डॉक्टर लागत नाही. ताडवाडीच्या चाळींत जिन्यावर भेटणारी काकू सांगते, कोपऱ्यावरची भाजीवाली सांगते, डॉकयार्ड रोड स्टेशनच्या फलाटावर शेजारी उभी राहिलेली अनोळखी बाईसुद्धा बाळाच्या हनुवटीवरची लाळ बघून सांगते, "दात येतायत हो, दुसरं काही नाही." बहुतेक वेळा ते खरंही असतं. गोची होते ती उरलेल्या वेळी.

ज्या घराची ही हकीकत, तिथे दोन्ही झालं. आधी खरोखरच दात होते. नंतर दातांच्या नावाखाली दुसरंच दुखणं होतं. आई जवळच्याच एका कचेरीत नोकरीला, वडिलांची पाळीची ड्युटी आणि दिवसभर बाळापाशी कणकवलीहून आलेल्या सासूबाई. मुलगा नऊ महिन्यांचा. सहावा सरल्यावर उष्टावण झालं, मामाने चांदीच्या वाटीतून खीर चाटवली आणि तेव्हापासून गडी जेवत सुटला. तांदूळ आणि मूगडाळ धुऊन, सावलीत वाळवून, जिऱ्याबरोबर खमंग भाजून दळलेलं खिमट, त्यावर तूप. दुपारी केळं, संध्याकाळी नाचणीचं सत्त्व. मग एके सकाळी चमचा तोंडात गेल्या गेल्या त्याने घास जिभेने बाहेर ढकलला. दुसरा घास, तेच. तिसऱ्याला मान फिरवली. खिमटावर साय धरली तरी वाटी भरलेलीच.

"वरच्या हिरडीवरून बोट फिरवलं तर टणक लागलं आणि तो किंचाळला," आई सांगते. "मला उलट हायसं वाटलं. म्हटलं, चला, कारण तर कळलं."

सासूबाईंनी केलेला पहिला बदल अगदी साधा होता. गरम खिमट बाजूला ठेवलं. सुजलेल्या हिरडीला ऊन घास सोसत नाही आणि वर स्टीलच्या चमच्याची कड लागते, मग बाळ चमचा दिसला की तोंड मिटतं. त्याचा राग अन्नावर नसतो, चमच्यावर असतो. म्हणून त्यांनी हात स्वच्छ धुऊन बोटाने भरवायला सुरुवात केली. घरी विरजलेलं, आंबट न झालेलं दही फ्रिजमधून काढून तसंच. कुस्करलेला गार चिकू. नाचणीचं सत्त्व निववून, घट्टसर. जेवणाआधी मलमलचा स्वच्छ रुमाल उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून, पिळून, फ्रिजमध्ये ठेवलेला. तो बाळाच्या हातात. हिरड्या शिवशिवत असतात, ते त्या रुमालावर चावून चावून मोकळं होतं आणि मग दोन-चार घास जातात. दोन-चारच. उरलेलं फेकून द्यायचं, कुरकुर करायची नाही, दोन तासांनी पुन्हा विचारायचं. आठवडा उलटायच्या आत हिरडीतून तांदळाच्या कणीएवढी पांढरी टोकं वर आली आणि खिमटाची वाटी पुन्हा रिकामी व्हायला लागली.

या उपायांत जुनं-नवं असा काही वाद नाही. दात येताना बाळ घट्ट अन्न नाकारतं, हे शास्त्रालाही दिसलेलं आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००० साली 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. सव्वाशे बाळांच्या आईवडिलांना रोज दोनदा ताप मोजायला आणि ठरावीक लक्षणांची नोंद ठेवायला सांगितलं होतं. या नोंदींच्या काळात ४७५ दात उगवले. दात बाहेर पडण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस, अशा आठ दिवसांत काही गोष्टी नेहमीपेक्षा जास्त दिसल्या: लाळ, चावणं, हिरड्या चोळणं, चिडचिड, जाग, कान चोळणं, तोंडाभोवती पुरळ, किंचित वाढलेलं अंगाचं तापमान आणि घट्ट अन्नाची नावड.

खरी कामाची यादी मात्र दुसरी आहे, जी सहसा कुणी वाचत नाही. काय *वाढलेलं दिसलं नाही* त्याची. जुलाब नाहीत. उलट्या नाहीत. खोकला नाही, नाक चोंदणं नाही. १०२ अंश फॅरनहाइटच्या वरचा ताप नाही. आणि दूध-पाण्यासारख्या पातळ पदार्थांची नावड तर नाहीच. म्हणजे दातांमुळे बाळ खिमट थुंकेल, पण दूध पिणं सोडणार नाही. याच अभ्यासात आणखी एक मजेची गोष्ट निघाली. कोणतंही एक लक्षण ३५ टक्क्यांहून जास्त बाळांत आढळलं नाही, त्यामुळे लक्षणं बघून 'आता दात येणार' असं छातीठोक सांगता येत नाही. त्याच वर्षी मेलबर्नमध्ये पाळणाघरातल्या २१ बाळांच्या हिरड्या रोजच्या रोज तपासून केलेल्या अभ्यासात तर दात आणि तक्रारी यांचा धड मेळच बसला नाही. घरातल्या मोठ्यांची खात्री मात्र पक्की असते. ती तशी का असते, हे समजण्यासारखं आहे: सहा महिने ते अडीच वर्षं या काळात वीस दुधाचे दात येतात, त्यामुळे बाळाला काहीही झालं तरी शेजारी एखादा दात उगवतच असतो.

आणि याच वयात आजारही येतात. आईकडून पोटात असताना मिळालेली प्रतिकारशक्ती सहा महिन्यांच्या आसपास ओसरत आलेली असते. त्याच सुमाराला बाळ बसायला, रांगायला लागतं आणि चप्पल, चावीचा जुडगा, टीव्हीचा रिमोट, सगळं तोंडात घालतं. जुलाब होतात ते या रिमोटमुळे, बदनाम होतो दात.

या घरात दुसरी खेप आली ती अशीच. काही आठवडे गेले असतील. पुन्हा जेवण बंद, पुन्हा लाळ, पुन्हा रात्रीची रड. आधीचा अनुभव गाठीशी असल्यामुळे कुणी घाबरलंच नाही. गार दही आलं, रुमाल आला. या वेळी दही पण नको. बाळ सारखं एका बाजूचा कान ओढत होतं. "दाढेची कळ कानात जाते," असं कुणीतरी सांगितलं आणि ते पटलं. नऊ-दहा महिन्यांच्या बाळाला दाढा कुठून येणार, हा प्रश्न कुणाला पडला नाही. अंग कोमट लागत होतं, मग चांगलंच तापलं. वडिलांनी मेडिकलमधून हिरड्यांना लावायचं जेल आणलं. पोटात काहीच नाही म्हणून शेजारच्या एका आजींनी माळ्यावरून बोंडलं काढून दिलं.

बोंडलं आता फारसं दिसत नाही. छोटं, पितळेचं किंवा चांदीचं, एका बाजूला लांबट चोच काढलेलं भांडं. बाळाला मांडीवर आडवं घ्यायचं, हात धरायचे, चोच गालाच्या आत सारायची आणि पेज ओतायची. बाळाला गिळण्यावाचून गत्यंतर नसतं. गिळलं तर ठीक. रडत असेल, ठसका लागला तर तीच पेज श्वासनलिकेत जाते. इथेही ठसका लागला. बाळ निळसर पडलं, पाठ थोपटल्यावर सावरलं, आणि बोंडलं पुन्हा माळ्यावर गेलं.

हकीकतीला वळण मिळालं ते एका प्रश्नाने. समोरच्या खोलीतल्या निवृत्त नर्सबाई रात्री डोकावल्या. दात, हिरड्या, ताप, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "दुपारपासून लंगोट किती ओले झाले?"

सासूबाईंनी दोरीकडे बघितलं. दुपारनंतर एकच वाळत होता.

"अंगावर घेतेयस ना त्याला? पितो का?"

आईने तेव्हा सांगितलं, की तो दोन घोट ओढतो आणि कळवळून स्तन सोडतो, पाठ मागे फेकतो, रडतो. परत लावलं की परत तेच. हे तिने दिवसभर बघितलं होतं, पण हिरडी दुखत असेल असंच धरून चालली होती. नर्सबाई म्हणाल्या, "अगं, दात येणारं पोर उलट जास्त चिकटतं अंगाला. ऊठ, आत्ताच्या आत्ता दाखवून आण."

डॉक्टरांनी कानात उजेडाची नळी घालून बघितलं. पडदा लालभडक, फुगलेला. मधल्या कानाचा संसर्ग. गिळताना, ओढताना कानात दाब बदलतो आणि कळ उठते, म्हणून बाळ प्यायला लागलं की रडत होतं. औषध सुरू झालं, पाणी कमी पडलं होतं ते घोटाघोटाने भरून काढलं, आणि दोनेक दिवसांत तो पूर्ववत अंगावर प्यायला लागला. जेवण त्यानंतर आलं, हळूहळू.

आई आता नव्या आयांना एवढंच सांगते: "जेवत नाही म्हणून रडू नका. पीत नाही म्हटलं की मात्र थांबू नका." यात थोडी भर घालायला हवी. सहा-आठ तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, टाळू खोल गेलेली, घेतलेलं सगळं उलटून पडतंय, बाळ मलूल आहे, हाक मारली तरी नीट बघत नाही, झटके आले, जुलाबात रक्त आहे, यातलं काहीही दिसलं तर दाताचा विषय बंद करून दवाखाना गाठायचा. १०२ च्या वरचा ताप हाही दाताचा नव्हे. जुलाब होत असतील तर ओआरएस आणि डॉक्टरांनी सांगितलेलं झिंक द्यायचं. 'दाताचे जुलाब आहेत, दात आला की थांबतील' म्हणून वाट बघण्यात बाळाच्या अंगातलं पाणी जातं.

दातांच्या नावावर सगळं खपवण्याची ही खोड काही माझगावची नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या १८३९ सालच्या मृत्यूनोंदीत पाच हजारांहून अधिक बाळांच्या नावापुढे 'दात येणे' हे मृत्यूचं कारण लिहिलेलं आहे. तेव्हाचे डॉक्टर सुजलेली हिरडी चाकूने चिरत, आणि आया दात येण्याची पूड म्हणून पाऱ्याचं कॅलोमेल चाटवत. त्या पाऱ्याने बाळांचे हातपाय गुलाबी पडत, कातडी सोलवटे, बाळ अखंड किरकिरे, जेवण सोडे. आणि जेवण सोडलं म्हणून पुन्हा तीच पूड दिली जाई. पारा हे कारण लक्षात यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. १९५४ च्या सुमाराला ब्रिटनमध्ये या पुडींतून कॅलोमेल काढलं गेलं आणि तो रोगच जवळजवळ नाहीसा झाला.

मुंबईत पाऱ्यापेक्षा अफू जवळची होती. माझगावच्या वरच्या अंगाला, भायखळ्यापासून लालबाग-परळपर्यंत गिरण्यांचे भोंगे वाजत, तेव्हाची ही गोष्ट. कामावर जाणारी बाई तान्ह्याला खोलीत ठेवून जायची, कधी म्हातारीजवळ, कधी जरा मोठ्या बहिणीजवळ. पाळी संपेपर्यंत ते रडू नये म्हणून त्याला 'बाळगोळी' दिली जायची. अफूची छोटी गोळी, बाजारात मिळणारी. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांना गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची आणि आरोग्याची पाहणी करायला नेमलं. कामगार बायकांच्या बाळांपैकी सुमारे ९८ टक्क्यांना अफू दिली जाते, असं त्यांनी नोंदवलं. या आकड्यावरून त्या बायकांना नावं ठेवणं सोपं आहे आणि चुकीचंही. बहुतेक गिरण्यांत पाळणाघर नव्हतं, बाळंतपणाची पगारी रजा नव्हती; गोळी नसती तर रोजगार नव्हता. मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा आला १९२९ साली. त्याच वर्षी परळला लहान मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय उभं राहिलं.

अफूचा एक परिणाम मात्र आजही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अफू दिलेलं बाळ भुकेनेसुद्धा रडत नाही. शांत पडून राहतं आणि वाळत जातं. बाळाला गप्प करणारं औषध आणि बाळाला बरं करणारं औषध, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आज बाळगोळी गेली, तिच्या जागी ट्यूब आली. हिरडीला बधिर करणाऱ्या जेलमध्ये लिग्नोकेन, बेंझोकेन किंवा कोलीन सॅलिसिलेट यांपैकी काही ना काही असतं. लाळेबरोबर ते काही मिनिटांत वाहून जातं, म्हणून आया पुन्हा लावतात, आणि गिळलेल्या औषधाचा हिशेब कुणाकडेच राहत नाही. वर घसा बधिर झाला की बाळाला गिळणंच जमत नाही. म्हणजे ज्यासाठी लावलं तेच बिघडतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली लिग्नोकेनविरुद्ध आणि २०१८ साली बेंझोकेनविरुद्ध इशारा दिला. बेंझोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद एकदम घटू शकते, हे त्यामागचं कारण. सॅलिसिलेट ही अ‍ॅस्पिरिनची भावकी. ब्रिटनने २००९ पासून ते जेल सोळा वर्षांखालच्यांना न देण्याचा सल्ला दिला. दात येण्यासाठीच्या काही होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोनाचं प्रमाण लेबलवर लिहिल्यापेक्षा बरंच जास्त निघालं, हेही त्याच अमेरिकी प्रशासनाच्या प्रयोगशाळेत २०१७ साली दिसलं. 'साखरेच्या गोळ्या, त्याने काय होतंय' असं म्हणण्याआधी एवढं आठवावं.

घरगुती म्हणजे निरुपद्रवी, असंही नाही. आपल्याकडे हिरडीला मध आणि टाकणखाराची लाही लावायची पद्धत अजून टिकून आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अहवालात सात बाळांची नोंद आहे. त्यांच्या चोखणीला बोरॅक्स-मध लावला जात असे आणि सातही बाळांना झटके येत होते. लावणं थांबवलं, झटके थांबले. मधाचं तर वेगळंच आहे: एक वर्षाच्या आत मध चाटवूच नये, त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे बॉट्युलिझमचा धोका असतो. चघळायला खारीक देणारी घरं अजून आहेत. ती भिजून मऊ झाली की तुकडा सुटतो आणि घशात बसतो. कच्च्या गाजराचंही तेच. गळ्यातल्या बजरबट्टूच्या माळेबद्दल कुणाच्या भावना दुखवायच्या नाहीत, पण झोपताना ती काढावी. मणी तुटून घशात जातो आणि दोरा आवळतो.

आणि पॅरासिटामॉल? रात्र काढता येत नसेल तर डॉक्टर ते देतात, बाळाच्या वजनाप्रमाणे. इथे एक घोटाळा फार होतो. थेंबांच्या बाटलीत दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं, सिरपच्या बाटलीत पाच मिलिलिटरला १२० किंवा २५० मिलिग्रॅम. सिरपचं माप लक्षात ठेवून कुणी चमचाभर थेंब पाजले तर एका घोटात ५०० मिलिग्रॅम जातं. आजी दिवसा देते, वडील रात्री देतात, दोघांच्या हातात वेगळ्या बाटल्या, असं असेल तर एक बाटली घरातून काढून टाकावी. फ्रिजवर कागद चिकटवून दिलेली वेळ लिहावी.

आता प्रश्न उरतो जेवणाचा. बाळ चार दिवस नीट जेवलं नाही तर काय बिघडतं? पीत असेल तर फारसं काही नाही. नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण ३०० कॅलरी हव्या असतात. निम्म्याहून जास्त गरज अजून दूधच भागवत असतं. शिवाय पहिल्या सहा महिन्यांतली वजनवाढीची घोडदौड या वयात आपोआप मंदावते आणि भूकही तिच्याबरोबर मंदावते. आधी वाटीभर खाणारं बाळ अर्ध्या वाटीवर आलं, म्हणजे दर वेळी काही दुखतंच असं नाही. माता-बाल संरक्षण कार्डावरचा आलेख वर चढत असेल तर वाटी मोजत बसू नये.

पण चारच्या जागी पंधरा दिवस झाले, महिना झाला, बाळ दूध आणि बिस्किटावर राहिलं, तर ते दातांच्या खात्यावर मांडता येणार नाही. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातलं लोह बाळाला पुरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. रक्त कमी झालं की भूक मरते, भूक मेली की रक्त आणखी कमी होतं. म्हणून लोहाचं सिरप (सरकारी कार्यक्रमात ते सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा देतात) दात येत असले तरी डॉक्टरांना विचारून चालू ठेवावं.

खायला काय द्यावं, याचं उत्तर घरात असतंच. दात दुखत असताना पातळ पाणी करण्याकडे ओढा असतो; वरणाचं पाणी, तांदळाची पेज. ती घशाखाली सहज जाते, पण तिच्यात अन्न थोडं आणि पाणीच फार. चमचा तिरका केला तर पटकन ओघळू नये, इतपत घट्ट हवं. गुरगुट्या भात तूप घालून, कोमट नव्हे, पार निववून. मूगडाळ शिजवून घोटलेली. रताळं उकडून दह्यात कुस्करलेलं. उकडलेलं अंडं दुधात मऊ करून. माझगावकरांना भाऊचा धक्का हाकेच्या अंतरावर. तिथून आणलेल्या ताज्या पापलेटाचा किंवा रावसाचा उकडलेला, बोटांनी चाचपून काटा काढलेला तुकडा भातात मिसळला तर एरवी तोंड फिरवणारं बाळ वळून बघतं. मीठ नाही, साखर नाही. बाळाला ते अळणी लागत नाही, लागतं ते भरवणाऱ्याला. बाळाला चव घेऊ द्यावी, हात बरबटू द्यावेत. नऊ महिन्यांचं मूल स्वतःच्या बोटाने उचललेला कण खातं आणि तोच कण आपण भरवला तर थुंकतं.

जबरदस्तीचा मुद्दा बोंडल्यापाशी संपत नाही. हल्लीचं बोंडलं म्हणजे मोबाइल. गाणं लावलं, बाळ टक लावून बघायला लागलं, तोंड उघडं राहिलं की घास सारला. घास जातो, पण आपण खातोय हे बाळाला कळतच नाही. आणि पडदा बंद केला की तोंडही बंद. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली पूरक आहारावर दिलेल्या मार्गदर्शनात भरवताना बाळाच्या भुकेच्या आणि पोट भरल्याच्या खुणा ओळखण्यावर भर आहे. मान फिरवली म्हणजे पुरे. ओठ मिटले म्हणजे पुरे. अर्ध्या तासापलीकडे वाटी घेऊन मागे लागू नये. हिरडी दुखत असताना जबरदस्तीने भरवलेलं बाळ हिरडी बरी झाली तरी चमच्याला घाबरतं, आणि मग दात येऊन महिना झाला तरी 'दातांमुळे जेवत नाही' हे चालूच राहतं.

एक गोष्ट डॉक्टरांच्या कागदावर येत नाही. २०१७ पासून बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. म्हणजे आई कामावर परत जाते ती बाळ सहा महिन्यांचं होता होता. वरचं अन्न तेव्हाच सुरू, पहिला दात तेव्हाच, आणि जिचा वास ओळखीचा ती आई दिवसभरासाठी नाहीशी होते तीही तेव्हाच. बाळ दिवसा जेवत नाही आणि आई आल्यावर रात्रभर अंगावर पितं, यात दाताचा वाटा किती आणि आईच्या नसण्याचा किती, हे वेगळं करून दाखवता येत नाही. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय असावी, असं कायदा सांगतो. ती किती ठिकाणी आहे, हे ज्याने त्याने आपल्या कचेरीत विचारून बघावं. या घरात सासूबाईंनी साधी वाट काढली: दुपारचं जेवण थोडक्यात उरकायचं आणि मुख्य जेवण आई घरी आल्यावर, तिच्या मांडीवर. महिन्याभरात घडी बसली.

पहिली दाढ साधारण तेरा ते एकोणीस महिन्यांत येते, समोरच्या दातांपेक्षा रुंद, त्यामुळे जेवण पुन्हा एकदा रोडावतं. तोवर पहिल्या दातापासूनच घासायला सुरुवात झालेली असावी: मऊ ब्रश, त्यावर फ्लोराइडच्या पेस्टचा नुसता पुसट लेप, रात्री झोपताना नक्की. दातांमुळे किरकिर करतात म्हणून दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवलेल्या मुलांचे पुढचे वरचे दात दीड-दोन वर्षांतच तपकिरी पडून किडायला लागतात, आणि मग जे जेवणाचे हाल होतात ते या लेखात सांगितलेल्यांहून कितीतरी वाईट. पहिल्या वाढदिवसाच्या आसपास दंतवैद्याला दात दाखवून घ्यावेत. माझगावातून सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, दोन्ही जवळ. दोन्हीकडे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा आणि सोबत बाळाचं कार्ड न्यावं.